आभासी सभागृहातील खुर्चीची उपपत्ती

ज्या जगात कुणाचेच पाय दुखत नाहीत, तिथे खुर्च्या कशाला? दूरस्थ सहकार्यावर संशोधन उदंड झाले. पण आवाजाचा विलंब, चित्राची स्पष्टता, बँडविड्थ असल्या किरकोळ बाबींत विद्वान अडकले आणि बुडाखालचा प्रश्न तसाच राहिला. तो येथे हाती घेतला आहे.

आमचे प्रमाणक्षेत्र म्हणजे लिंडन लॅबने २००३ साली खुले केलेले 'सेकंड लाइफ' हे आभासी जग. तिथला मनुष्य उडतो, क्षणात एका बेटावरून दुसऱ्यावर प्रकट होतो आणि आठवडाभर उभा राहिला तरी त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत नाहीत. तरीही आयबीएमसारख्या कंपन्यांनी तिथे बेटे घेतली, तेव्हा त्यांवर प्रेक्षागृहे उभी राहिली आणि बसण्याच्या जागा रांगेने लागल्या. जिथे पाऊस मुद्दाम पाडावा लागतो, तिथे छपरे घातली गेली. २००७ मध्ये मालदीवने आणि पाठोपाठ स्वीडनने तिथे दूतावास उघडला. स्वीडनची वास्तू वॉशिंग्टनमधल्या खऱ्या वास्तूबरहुकूम होती; व्हिसा मात्र मिळत नसे, फक्त त्याची माहिती मिळे. (खिडकी आहे, काम नाही, याचे आपल्याला काय अप्रूप?)

पूर्वपक्ष म्हणतो, खुर्ची ही निव्वळ सवय. हे आम्हांस मान्य नाही. निक यी, जेरेमी बेलेन्सन प्रभृती संशोधकांनी २००७ साली याच जगातील बाहुल्यांचे (म्हणजे माणसांच्या पडद्यावरील अवतारांचे) निरीक्षण प्रसिद्ध केले. दोन पुरुष-बाहुले दोन स्त्री-बाहुल्यांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब उभे राहत आणि एकमेकांकडे कमी पाहत. अंतर घटले की नजर दुसरीकडे वळे. धक्का लागायला अंग नाही, तोंडाला वास नाही, तरी संकोच आहेच! तेव्हा आमचा सिद्धान्त असा: खुर्ची थकव्यासाठी नाही, संकोचासाठी आहे. कुणी कुणाच्या किती जवळ जायचे, हे ती परस्पर ठरवून टाकते. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतला सोफा हेच काम करतो. तो नसता तर व्याही कुठे उभे राहिले असते, याची कल्पनाच करवत नाही.

याच जगातील आणखी एक गोष्ट उपेक्षित राहिली आहे. कुणी मजकूर टाइप करू लागला, की त्याचा बाहुला दोन्ही हात पुढे करून हवेतच कीबोर्ड बडवतो, आणि खटखट ऐकूही येते. दृश्य हास्यास्पद, पण 'हा आता बोलणार' हे सभेला आधीच कळते. व्हिडिओ-बैठकीत ही सोय नाही. एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, असे दहा भाषांच्या २००९ मधील अभ्यासात दिसले. एवढ्याशा फटीत इंटरनेटचा विलंब घुसला, की दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, मग 'बोला, बोला', 'नाही, तुम्ही बोला'. निम्मे सहकार्य इथेच खर्ची पडते.

शिवाय व्हिडिओत खुर्ची खरी असते. बेलेन्सन यांनीच २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकांच्या शिणवट्याची चार कारणे मांडली. चौकटीत जखडून बसावे लागणे हे त्यांतले एक. माणूस उठला, तर पडद्यावर उरतो तो इस्त्रीच्या शर्टाखालचा बर्म्युडा. मेटाच्या २०२१ मधील 'होरायझन वर्करूम्स' या आभासी बैठकखोलीने हा पेच मुळातूनच सोडवला: टेबलाभोवती सहकारी बसवले, ते कमरेपर्यंतचेच. पुढच्या वर्षी पायांची घोषणा झाली. त्या चित्रफितीतले पाय मोशन कॅप्चरने साधलेले होते, हे कंपनीने मागाहून सांगितले. पाय उसने आणून उभे राहणे राजकारणात चालते, शास्त्रात नाही.

एक प्रश्न अनिर्णित आहे. 'सेकंड लाइफ'मध्ये मालक बराच वेळ उठून गेला, की उभा बाहुला पुढे झुकतो आणि मान टाकतो. अशा सदस्यास कोरममध्ये धरावे काय? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, निदान लेखापरीक्षण अहवालाच्या वाचनावेळी, धरतात.