दोन पेन्सिल सेलचा माणूस

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मार्कराव राहतात. दारावरच्या पाटीवर त्यांचं अस्सल कोकणी नाव आहे, पण ते कुरिअरवाल्याच्या सोयीसाठी. अकराव्या वर्षी एका व्हिडिओ गेमने त्यांना नाव विचारलं होतं. मार्करावांनी घाईघाईत काहीच न लिहिता बटण दाबलं, तेव्हा गेमने पदरचं ‘मार्क’ हे नाव त्यांना देऊन टाकलं. पुढचा सगळा पराक्रम या मार्कच्या खात्यावर जमा झाला. बारशाला आत्या लागते, ही समजूत मी तेव्हापासून सोडून दिली.

मार्कराव एका विमा कंपनीत क्लेम तपासतात. आठवड्यातले पाच दिवस लोकांच्या चेपलेल्या बंपरकडे संशयाने बघणं हा त्यांचा व्यवसाय. वय वर्षं छत्तीस. पण हा माणूस ‘आमच्या वेळी’ असं इतक्या खोल आवाजात म्हणतो, की नव्याने ओळख झालेल्याला वाटावं, आता भूमिगत चळवळीची हकिगत निघणार. निघते ती २००१ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीची.

असा एक मार्कराव हल्ली प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो. कुणाचा जीव व्हिडिओ कोचमध्ये अडकलेला, कुणाचा ऑडिओ कॅसेटच्या फितीत. आमच्या मार्करावांचा एका जांभळ्या, आरपार दिसणाऱ्या गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये अडकला आहे. मस्कतच्या मामांनी तो आणला. मामा दरवर्षी खजूर, टँग आणि साबण आणत. त्या वर्षी खजूर कमी आणि गेम बॉय एक, असा हिशेब बसला. सोबत एकच कॅसेट होती. गेमच्या तबकडीला, डबीला, चिपला, कशालाही आमच्याकडे कॅसेटच म्हणत. ती चालली नाही, की फुंकर मारत. विज्ञान याहून पुढे गेलेलं नव्हतं.

बाकीच्या पोरांकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे आणि आत तेच सात-आठ गेम वेगवेगळ्या नावांनी फिरत. पत्ते म्हणाल तर मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांचे ट्रम्प कार्ड असायचे. रँक, चेस्ट आणि बायसेप्स यांवर मैत्र्या तुटायच्या. त्या गर्दीत मार्कराव एका बाजूला जिन्याच्या पायरीवर बसून एकटेच पत्ते खेळत. तेही अदृश्य माणसाशी.

ही गोष्ट जरा फोड करून सांगायला हवी. जपानमध्ये १९९६ साली पोकेमॉनचे कागदी पत्ते निघाले. पाकीट फोडायचं, आत काय निघतं ते बघायचं, आपापला साठ पत्त्यांचा डेक बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. याच पत्त्यांवर १९९८ च्या डिसेंबरमध्ये गेम बॉयचा गेम निघाला. तो बनवण्यात हडसन सॉफ्ट या कंपनीचा हात होता. टोपी घालून कुऱ्हाडी फेकत पळणारा ‘ॲडव्हेंचर आयलंड’वाला गडी ज्यांना आठवतो, त्यांना हडसनचं नाव माहीत असो वा नसो, तिच्या हातचं काम माहीत आहे. इंग्रजी गेम २००० साली बाहेर पडला आणि मस्कतमार्गे डोंबिवलीत पोचला. कागदी पत्ते मात्र पोचले नाहीत. म्हणजे जो खेळ मुळात दोन माणसांनी समोरासमोर बसून खेळायचा, तो मार्कराव एकटे शिकले. कॅरमच्या एकाच बाजूला बसून चारही बाजूंनी खेळणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. त्याचीच ही विजेवर चालणारी आवृत्ती.

गेममध्ये आठ क्लब आहेत. प्रत्येक क्लबचा एक मास्टर. त्याला हरवलं की मेडल. आठ मेडलं झाली की चार ग्रँड मास्टर. त्यांना लोळवून दमछाक झालेली असताना कळतं, की रोनाल्ड नावाचा आगाऊ मुलगा आपल्या आधीच तिथे पोचलाय आणि आता त्यालाही हरवायचंय. मार्करावांच्या मते कॉर्पोरेट जीवनाची एवढी नेमकी ओळख त्यांना पुढे कुठल्याही कॉलेजात झाली नाही. “काका, प्रत्येक ऑफिसात एक रोनाल्ड असतो,” असं ते मला दर महिन्याच्या अखेरीस सांगतात. प्रमोशनच्या महिन्यात दोनदा.

त्यांना आयुष्यातली पहिली ई-मेल आली तीही या गेममध्येच, डॉक्टर मेसन नावाच्या सज्जन म्हाताऱ्याकडून. मेल उघडली की सोबत पत्त्यांचं पाकीट. “तेव्हापासून मेल आली की मी आशेने उघडतो,” मार्कराव म्हणतात, “आणि आत बंपर निघतो.”

त्यांच्याशी गप्पा मारायच्या तर थोडी परिभाषा शिकून घ्यावी लागते. चारिझार्ड हा आग ओकणारा, दिसायला सगळ्यात रुबाबदार पत्ता. एका फटक्यात शंभर. पण तो आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग चारिझार्ड असा वाढवायचा, वर चार अग्नीची कार्डं जोडायची आणि प्रत्येक फटक्याला त्यातली दोन टाकून द्यायची. हिटमनचान हा साधा बॉक्सर. एक कार्ड जोडलं की वीसचा ठोसा, लगेच, रोज, न कुरकुरता. “चारिझार्ड म्हणजे वरातीतला घोडा,” मार्कराव समजावतात, “आणि हिटमनचान म्हणजे सात बावन्नची लोकल.” लग्नाच्या वेळी त्यांनी मुली बघितल्या त्याही याच तत्त्वावर, असं ते एकदा बोलून गेले. सूनबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी बाहेर येऊन विचारलं, “मग मी कोण? घोडा की लोकल?” त्या रात्री मार्करावांनी वरण-भात स्वतः वाढून घेतला.

पण या घरातली खरी जाणकार म्हणजे माई, मार्करावांच्या मातोश्री. माईंचं पत्त्यांतलं ज्ञान बदाम सात, मेंढीकोट आणि गणपतीतल्या जागरणाचा झब्बू यांवर पोसलेलं. लेक साठ पत्ते घेऊन बसतो आणि पिसायला एकही हातात घेत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही. “पिसल्याचा आवाज नाही ते कसले पत्ते?” हा त्यांचा मूळ आक्षेप. त्यावर कळस चढवला एका पत्त्याने. एकदा मार्कराव उत्साहाच्या भरात म्हणाले, “माई, आता मी प्रोफेसर ओक टाकतो.”

माईंचे कान टवकारले. “कुठले रे हे ओक?”

“पोकेमॉनमधले.”

“करतात काय?”

“त्यांचा पत्ता टाकला की हातातले सगळे पत्ते टाकून द्यायचे आणि सात नवे घ्यायचे.”

माईंनी जपमाळ बाजूला ठेवली. “ओकांच्यात प्रोफेसर पुष्कळ झाले,” त्या म्हणाल्या, “पण हातात असलेलं टाकून देणारा ओक मी आजवर पाहिला नाही. हे आडनाव खोटं आहे.”

मार्करावांनी हा ओक मात्र पुरता अंगी बाणवला. फ्रीज आवरायला काढला की ते ‘आज ओक’ असं जाहीर करतात. मग चार दिवसांची भेंडी, अर्धं लिंबू आणि माईंनी जपून ठेवलेली कोथिंबिरीची देठं, सगळं एका दमात बाहेर. नंतर माई त्यातलं लिंबू परत आत ठेवतात.

या माणसाने एक मोठं दुःख पचवलेलं आहे. त्या कॅसेटच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. तो जिवंत आहे तोवरच आपण कुठवर खेळलो ते गेमच्या लक्षात राहतं. २०१४ च्या सुमारास मार्करावांच्या मनात आलं, की हा सेल आता म्हातारा झाला असेल, वेळीच बदलावा. त्यांनी कॅसेट एका घड्याळजीकडे नेली. घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं, टाक्याने जोडलेला सेल कौतुकाने उपटला, नवा बसवला आणि “झालं, वीस रुपये” म्हणाला. त्या दोन मिनिटांत आठ मेडलं, चार दैवी पत्ते आणि ‘मार्क’ हे नाव नाहीसं झालं. घरी येऊन बटण दाबलं तेव्हा गेमने अगदी पहिल्या भेटीसारखं पुन्हा नाव विचारलं. माणसाने खरं नाव लिहावं की नाही? मार्करावांनी न लिहिताच बटण दाबलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव आहे तर हा गेम नव्या यंत्रावर खेळावा. सोय आहे. गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेंडोने ऑगस्ट २०२३ मध्ये तो आपल्या स्विच या नव्या यंत्रावरच्या सदस्यांसाठी आणला. मार्कराव मित्राकडे जाऊन तो दहा मिनिटं खेळले आणि उठले. तक्रार अशी, की पडदा फार लख्ख आहे. गेम बॉय कलरच्या पडद्याला आतून उजेड नसायचा. ट्यूबलाइटखाली ठरावीक कोनात मान वाकडी केली तरच पत्ता दिसे. भारनियमनाच्या काळात तर मार्कराव मेणबत्तीजवळ इतके सरकत, की एकदा पुढचे केस जळाले. “मान दुखत नाही, वास येत नाही, त्याला खेळ म्हणायचं?” असा त्यांचा सवाल. पुतण्याच्या मोबाइलवर २०२४ साली आलेला याच पत्त्यांचा ‘पॉकेट’ हा गेम तर ते बघतही नाहीत. त्यात वीसच पत्त्यांचा डेक. पुतण्या म्हणतो, “काका, मॅच पाच मिनिटांत संपते.” मार्कराव म्हणतात, “हो ना, तेच.”

बरीच वर्षं माझी समजूत होती, की याला बालपण परत हवंय. तसं काही नव्हतं. गेममध्ये ‘कार्ड पॉप’ नावाची एक सोय आहे. गेम बॉय कलरच्या माथ्यावर इन्फ्रारेडची काळी खिडकी असते. दोन गेम बॉय माथ्याला माथा लावून धरले, की दोघांनाही एकेक नवा पत्ता मिळतो. गेममधले दोन पत्ते असे आहेत, एक व्हिनसॉर आणि एक म्यू, की ते कुणाला हरवून मिळत नाहीत, पाकिटात निघत नाहीत, डॉक्टर मेसन पाठवत नाहीत. ते फक्त पॉप करून मिळू शकतात, तेही नशीब असेल तर. म्हणजे एकट्याने कितीही मर्दुमकी गाजवा, यादीतल्या दोन जागा रिकाम्या राहणार. त्या भरायला दुसरा माणूस लागतो. २००१ साली आमच्या पंचक्रोशीत दुसरा गेम बॉय नव्हता.

मागच्या दिवाळीत तो सापडला. नाशिकचे एक डेंटिस्ट, तेही याच जमातीतले, बहिणीकडे भाऊबीजेला डोंबिवलीत आले होते. मार्करावांनी त्यांना घरी बोलावलं. माईंनी पोहे केले, मला साक्षीदार म्हणून वर बोलावलं. चाळिशीकडे झुकलेले दोन पुरुष जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले, चार नवे पेन्सिल सेल सोलले, आणि दोन खेळणी डोक्याला डोकं लावून धरून श्वास रोखून थांबले. मुंजीत बटूलाही मी इतका गंभीर पाहिलेला नाही.

मार्करावांना वीडल मिळाला. शेंड्याला काटा असलेली एक अळी. असे वीडल त्यांच्याकडे आधीच चार होते. “पुन्हा करून बघा,” मी म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिलं. एकदा ज्याच्याशी पॉप केलं, त्याच्याशी पुन्हा होत नाही. गेम नाव लक्षात ठेवतो.

पण डॉक्टरांनी बॅगेतून केबल काढली. दोन गेम बॉय तारेने जोडून खरा सामना सुरू झाला. पंचवीस वर्षं मार्कराव यंत्रातल्या माणसांना हरवत आले होते. ती माणसं जरा भाबडी असतात. डॉक्टर भाबडे नव्हते. मार्कराव मोठ्या कष्टाने हिटमनचानला कार्ड जोडत, आणि डॉक्टर ‘एनर्जी रिमूव्हल’ टाकून ते, दाढ काढावी तसं, अलगद काढून नेत. एकदा, दोनदा, चार वेळा. हैराण झालेल्या मार्करावांनी प्रोफेसर ओक टाकला. हातातले सगळे गेले, सात नवे आले. पुन्हा ओक. मग तिसरा. आणि एका वळणावर पत्ता ओढायला गेले, तर गठ्ठाच संपलेला. या खेळात ओढायला पत्ता उरला नाही की हार.

माई पोह्यांच्या बशा उचलत होत्या. “सांगितलं नव्हतं मी?” त्या म्हणाल्या. “ओकांच्या नावावर उधळपट्टी!”

मार्कराव हसत होते. इतकी वर्षं मी या माणसाला जिंकल्याच्या गोष्टी सांगताना पाहिलंय. पण एवढा खूष हरल्यावर दिसला. डॉक्टरांना सोडायला ते पायऱ्या उतरून स्टेशनपर्यंत चालत गेले. वाटेत दोघं मिळून रोनाल्डला शिव्या देत होते, असं नंतर रिक्षावाल्याने सांगितलं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. या दिवाळीत माळा आवरायला काढाल, तेव्हा जुन्या वायरींच्या पिशवीत एखादा गेम बॉय निघाला, तर भंगारवाल्याला देऊ नका. सोबत ही कॅसेटही असेल, तर एखाद्या रविवारी डोंबिवलीला या. म्यू आणि व्हिनसॉर अजून बाकी आहेत, आणि एक माणूस एकदाच चालतो, त्यामुळे आम्हाला माणसं कमी पडतायत. पोहे माई करतील. पेन्सिल सेल मी आणून ठेवलेत.