टेबलावरचे सोवळे

पंचवीस वर्षे माइकासमोर बसून 'सीक्यू, सीक्यू', म्हणजे 'कोणी ऐकते आहे का', असा अहोरात्र घोष करणाऱ्या आणि त्या भरात शेजाऱ्यांच्या निद्रेचा व त्यांच्या दूरचित्रवाणीचा यथाशक्ति विध्वंस करणाऱ्या माझ्यासारख्या परवानाधारक हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, उतारवयात मौनव्रत स्वीकारले, ह्याचे श्रेय आमच्या बिऱ्हाडात वैराग्याला दिले जाते. वास्तविक ते एफटी८ ह्या पद्धतीचे आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके ह्यांनी २०१७ साली ती प्रचारात आणली. तीत माणसाने बोलायचेच नसते. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी शीळ घालतो, अवघी ५० हर्ट्झ रुंदीची ती शीळ रेडिओ आकाशात सोडतो, आणि कानाला जेथे केवळ खरखर ऐकू येते तेथे पलीकडचा संगणक नाव, गाव व मजकूर वाचून दाखवतो.

संगणक आणि रेडिओ जोडण्यास तीन तारा पुरतात, अशी माझी भाबडी समजूत होती: एक ऐकण्याची, एक बोलण्याची, एक प्रक्षेपणाचे बटण दाबण्याची. त्या जोडल्या मात्र, आणि रेडिओतून ५० हर्ट्झची अशी घरघर सुरू झाली की जणू खोलीत कोणी पिठाची गिरणी मांडली आहे. दोन्ही यंत्रे भिंतीतल्या अर्थिंगमधून आधीच एकमेकांशी जोडलेली. त्यात माझ्या तारेची दुसरी वाट मिळाल्याने विजेच्या चोरट्या प्रवाहाला प्रदक्षिणेचा मार्ग मोकळा झाला होता. ह्यावर उपाय एकच, आणि तो मला पुस्तकाने सांगण्यापूर्वी माझ्या आजीने सांगून ठेवला होता. आजी सोवळ्यात असली की आम्हां मुलांच्या ओंजळीत पाणी वरून सोडी. पाणी पोचे, पण शिवाशिव होत नसे. ६०० ओहमाचा, एकास एक वेढ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर नेमके हेच करतो: दोन वेटोळी शेजारी नांदतात, एकमेकींस स्पर्श करीत नाहीत, आणि आवाज तेवढा चुंबकत्वाच्या धारेने इकडून तिकडे जातो. प्रक्षेपणाच्या बटणासाठी त्याहून कडक सोवळे लागते. तेथे ४एन३५ नावाचा, सहा पायांचा, मुंगळ्याएवढा काळा तुकडा बसवतात. त्याच्या पोटात एका बाजूस दिवा लागतो, दुसऱ्या बाजूस तो पाहून बटण दाबले जाते. नुसत्या नेत्रपल्लवीवर चालणारा असा कारभार मी अन्यत्र पाहिलेला नाही.

हे सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले, जुन्या साबणाच्या डबीत डाखले, आणि घरघर खरोखर थांबली. आवाजाचे प्रमाण मात्र बाकी होते. संगणक व्होल्टाच्या हिशेबाने ओरडतो. माइकाच्या वाटेला मिलिव्होल्टांची कुजबुज रुचते. म्हणून मध्ये रोधांची जोडी बसवून आवाजाचा शंभरावा हिस्सा तेवढा पुढे जाऊ द्यावा लागतो. आवाजाची पातळी आवरणाऱ्या एएलसीचा रेडिओवरचा काटा हलू नये, हा ह्या शास्त्राचा दंडक. तो हलला की आपली शीळ फाटून शेजारच्या चार जणांच्या अंगणात सांडते. माझा काटा पहिले दोन दिवस नुसता नाचत होता.

तिसऱ्या दिवशी एक नामुष्की झाली. जुना संगणक सुरू होताना सिरियल पोर्टाची तार क्षणभर आपण होऊन उचलतो, हे मला ठाऊक नव्हते. त्याने सकाळी उठताक्षणी बटण दाबले आणि आपले स्वागतगीत २० मीटरच्या पट्ट्यावर जगास ऐकवले. तेव्हापासून संगणक पुरता जागा झाल्याखेरीज रेडिओ लावायचा नाही, असा हुकूम मी माझ्यावरच बजावला आहे.

अखेर १४.०७४ मेगाहर्ट्झवर हाक घातली. दीड मिनिटात सगळे उरकले: एकमेकांची नावे, गावे आणि शीळ किती जोरात ऐकू आली त्याचे डेसिबेलांतले आकडे. कुटुंबाने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, लागला का कोणी?"

"जपानचे गृहस्थ होते."

"मग, काय म्हणाले?"

"उणे एकोणीस."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांना उणे अकरा दिले," असे मी सांगितले खरे. पण ते दिले संगणकाने. मी त्या वेळी टेबलाखाली वाकून चष्मा शोधत होतो.