फांदी तुमची, फुलं आमची

अहो वहिनी, आज पुन्हा आला होता बरं का तो पिशवीवाला! दूध घ्यायला फाटक उघडलं, तर हा आपला आकडीने तुमची जास्वंद खाली ओढतोय. अंगात ट्रॅकसूट, पायात महागडे बूट, आणि फुलं दुसऱ्याच्या कुंपणावरची. म्हटलं, "काका, घरी एक झाड लावा की." तर म्हणतो कसा, "देवालाच तर नेतोय, मोरयाला." आता चिंचवडच्या हद्दीत मोरयाचं नाव घेतल्यावर कोणाची टाप आहे पुढे बोलायची? पण आमच्या बाजूला झुकलेली चार-पाच फुलं मी आधीच खुडून ठेवली होती. चोरावर मोर!

कशाला काय, सरबताला. ही तुमची एकेरी, पाच पाकळ्यांची लाल गावठी जास्वंद आहे ना, तीच चांगली. मागची हिरवी टोपी आणि मधला तो लांब तुरा काढून टाकायचा, नुसत्या पाकळ्या कढत पाण्यात घालून झाकून ठेवायच्या. पाणी आधी मळकट जांभळं दिसतं, प्यावंसं वाटत नाही. पण लिंबू पिळलं की असा लालचुटुक रंग चढतो! गोकर्णाचंही तेच, निळं पाणी आंबटाने जांभळं होतं. बाकी गोकर्णाला चव काडीची नाही हं. हॉटेलात 'ब्लू टी' म्हणून कपाला काय भाव लावतात! नुसत्या रंगाचे पैसे.

समोरच्या टॉवरमधल्या त्या नव्या सुनेचं ऐकलंत ना? मोबाइलवर रील बघून तिला फुलांच्या चहाचं वेड लागलंय. परवा खालच्या बागेतून ओंजळभर पांढरी फुलं घेऊन आली, "काकू, मोगरा!" मी वास घेतला तर कसचा मोगरा! डबल तगर होती ती. दिसायला अगदी मोगऱ्याची बहीण. तिच्यासमोर देठ मोडून दाखवला, भळाभळा पांढरा चीक. म्हटलं बाई, हे देवाला वाहा, पातेल्यात टाकू नकोस. तगर, कण्हेर, पिवळी बिट्टी, चाफा आणि बाल्कनीबाल्कनीत ठेवलेलं ते अडेनियम, सगळी एकाच कुळातली. कण्हेर आणि बिट्टी तर थेट हृदयावर जातात, पानफूल काही म्हणून तोंडात घालायचं नाही. पण चीक नाही म्हणजे फूल खाण्याचं, असंही नाही. धोत्र्याला कुठे चीक असतो? कळलावीला कुठे असतो? आणि निळं दिसलं की गोकर्ण म्हणायचं नाही. कर्ण्यासारखं गोल फूल असेल तर ती मॉर्निंग ग्लोरी, तिला हात लावायचा नाही.

आणि हो, तिला दिवस गेलेत म्हणे. तुम्हाला माहीत नव्हतं? मग तिला जास्वंदही नको. मी सांगितलंय तिच्या सासूला, आडून आडून.

खरं सांगू का वहिनी, फूल ओळखता आलं म्हणजे झालं, असं या लोकांना वाटतं. ते पाणी कोणतं पितं, हे कोण विचारणार? त्यांच्या बागेला एसटीपीचं पाणी. अख्ख्या टॉवरचं सांडपाणी शुद्ध करून झाडांना सोडतात. चांगलंच आहे ते, पिण्याचं पाणी वाचतं, पण त्या पाण्यावरची फुलं मी ताटात घेणार नाही. आमचे हे एकदा चाकणहून कंपनीच्या आवारातली हादग्याची फुलं रुमालात बांधून घेऊन आले होते, मोठ्या कौतुकानं. मी विचारलं, तिथे पाणी कुठलं घालतात? म्हणाले, ईटीपीचं. रुमालासकट कचऱ्यात. राग आला त्यांना, यायचाच. पण कारखान्यातून निघालेल्या पाण्यावर पोसलेल्या झाडाचं काय घ्यायचं ते देवाला ठाऊक.

गुलाबाचंही तसंच. तळेगावला, मावळात, पॉलिहाउसमधले ते लांब दांडीचे गुलाब बघून भाचीला वाटलं, गुलकंद करावा. म्हटलं, ते व्हॅलेंटाइनला परदेशी जाणारे गुलाब. त्यांच्यावर कीडनाशक, बुरशीनाशक काय काय मारलेलं असतं. पाकळी कशी कागदासारखी करकरीत, आणि वास? शून्य. गुलकंदाला आपला घरचा फिका गुलाबी गावठी गुलाबच हवा. बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक थर खडीसाखरेचा, वर फडकं बांधून गच्चीवर उन्हात. महिनाभर तिकडे बघायचंसुद्धा नाही. मुंग्या मात्र बघतात.

तुम्ही खेडकडच्या, तुम्हाला भोपळ्याच्या फुलांचं मी काय सांगू? पण आमच्या माळ्याने काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, फुलं काढून दे, तर पठ्ठ्याने सगळी मादी फुलं तोडून आणली. बुडाशी इवलासा भोपळा दिसतोय तरी! आता वेलाला काय लागणार, कपाळ? लांब बारीक दांडीवर उभं असतं ते नर फूल, ते काढावं. तेही सगळं नाही, चार मधमाश्यांसाठी ठेवावीत. सकाळी उमललं की लगेच काढायचं, ऊन चढलं की मिटून मरगळतं. आत मुंगी आहे का बघायचं, मधला केसर काढायचा, आणि बेसनात बोटभर तांदळाचं पीठ. ओवा हातावर चोळून. तळताना फूल चुरचुरलं की उलटायचं.

केळफूल म्हटलं की तुमच्याकडे नाक मुरडतात, मला माहीत आहे. आम्ही संगमेश्वरकडचे, आमच्याकडे त्याच्यात काळे वाटाणे, खोबरं आणि गुळाचा खडा. निवडायला मात्र अख्खी दुपार जाते. हाताला तेल लावायचं, नाहीतर बोटं काळी पडतात. प्रत्येक फुलातून एक कडक काडी आणि एक पारदर्शक पापुद्रा काढायचा. दोन्ही शिजत नाहीत, दातात अडकतात. आमच्या सासूबाई समोर बसून ताटातलं एकेक फूल तपासायच्या, काडी राहिली की माझ्याकडे नुसतं बघायच्या. मग बारीक चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात. तरच तुरटपणा जातो. हल्ली बाजारात निवडलेलं मिळतं म्हणे, पण त्यात काड्या किती ते मोजायला सासूबाई हव्या होत्या.

पण सगळ्यांत मला लोभ तुमच्या हादग्याचा. हस्त नक्षत्र लागलं, भोंडला आला की आपोआप वर बघितलं जातं. तुम्ही फुलं आख्खी शिजवता का हो? मग कडू लागणारच! मधला वाकडा केसर चिमटीने ओढून काढा, कडूपणा सगळा त्यात. पाकळ्या मोठ्या चिरा, लसणाची फोडणी, हिरवी मिरची, आणि वरून बेसन पेरून झाकण. पाणी अजिबात घालायचं नाही, फुलालाच सुटतं. दोन वाफा पुरे, जास्त शिजवलं तर लगदा होतो. पाटीभर फुलांची वाटीभर भाजी होते, हे मात्र आधीच घरात सांगून ठेवावं. शेवग्याची फुलं निराळी. थंडी सरता सरता झाडाखाली पांढरा सडा पडतो, तो नाही घ्यायचा. फांदीवरच्या कळ्या घ्यायच्या, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, त्यातले किडे वर येतात. कांद्यावर परतल्या की झालं. आमचे हे त्यात अंडं फोडतात, मी मागच्या दाराने निघून जाते.

आता मुद्द्याचं. तुमचा धाकटा म्हणे दुसरी गाडी घेतोय आणि पार्किंगसाठी हादगा तोडायचं म्हणतोय? आम्हाला माळ्याकडून कळलं. वहिनी, 1972 साली प्राधिकरण झालं. त्यांनी आपल्याला प्लॉट दिले म्हणून तर दारात माती आहे. प्राधिकरण गेलं 2021 मध्ये पीएमआरडीएत, तरी अजून आपण पत्त्यावर निगडी प्राधिकरणच लिहितो. ती माती फरशीखाली घालायची? शिवाय झाड तोडायला महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज द्यावा लागतो, 1975 चा कायदाच आहे तसा. नोटीस लागली की हरकत घेता येते. आणि मी घेणार, तोंडावर सांगते. त्याला म्हणावं, गाडी आमच्या फाटकापुढे लाव, आमच्याकडे आता कुठे गाडी आहे? भाडं म्हणून आठवड्याला एक पाटी हादगा.

हसू नका, मी खरंच म्हणतेय. भाऊजींना विचारून सांगा. आणि ती काठी द्या जरा इकडे, आमच्या बाजूच्या फांदीवर बघा किती कळे आलेत. उद्यापर्यंत ठेवले तर तो पिशवीवाला हेही मोरयालाच नेईल.