डुलकीत शिरलेलं ऑफिस

विठ्ठलवाडीच्या माणसाला संध्याकाळच्या गाडीत बसायला मिळतं ते बहुतेक डोंबिवलीला. निम्मा डबा तिथे उतरतो. मग ठाकुर्ली, कल्याण आणि आपलं स्टेशन. झोप म्हणून हातात येते ती एवढीच.

परवा बॅग मांडीवर घेऊन डोळे मिटले, तर समोर एक्सेलच्या चौकटी. एकेका चौकटीत एकेक माणूस उभा. मी एक रांग पुसली की खालची माणसं वर सरकायची आणि हाताचा अंगठा पुढे करायची. अंगठे ओले होते. मी रुमाल शोधत होतो. तेवढ्यात पायाखालची चौकटच गेली, पाय झटकला आणि समोरच्या काकांच्या पिशवीवर आपटला. गाडी कल्याणात उभी होती.

ओले अंगठे कुठून आले ते मला चांगलं ठाऊक आहे. पावसात भिजून आलेल्या माणसाचं बोट हजेरीचं मशीन ओळखत नाही. मागे रांग वाढते, घड्याळ पुढे सरकतं आणि वेळेवर आलेल्याच्या नावावर लेट मार्क लागतो. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला. दिवसभर मी मोठमोठे हिशेब केले होते, त्यातला एकही आकडा डुलकीत आला नाही. आला तो अंगठा.

दिवसाचं काम असं डुलकीत शिरणं ही काही माझ्या एकट्याची गोष्ट नाही. हार्वर्डचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली २७ जणांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस हा व्हिडिओ गेम खेळायला लावला. झोप लागता लागता त्यांतल्या १७ जणांना खेळातले तुकडे खाली पडताना दिसले. त्या २७ जणांत पाच जण स्मृतिलोपाचे (अम्नेशियाचे) रुग्ण होते. आपण असा काही खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी पाचांपैकी तिघांना तुकडे दिसले.

माझं मन या तिघांपाशी अडकून राहिलं. कारण ऑफिसात कुरकुर केली की पहिला सल्ला मिळतो, ‘सोडून दे रे, घरी गेल्यावर विसर.’ जे मुळात आठवतच नाही तेही पेंगेत हजर होत असेल, तर विसरून सुटका कशी होणार?

आणि ही पेंग काही टाकाऊ वेळ नाही. २०२१ साली पॅरिसच्या संशोधकांनी लोकांना गणितं दिली होती. त्यांत एक छुपी युक्ती होती. मधल्या विश्रांतीत ज्यांना निदान १५ सेकंद हलकी डुलकी लागली, त्यांच्यापैकी सुमारे ८३ टक्के लोकांना ती सापडली. टक्क जागं राहिलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. डोक्याची इतकी मोलाची मिनिटं आपण हजेरीच्या मशीनला देऊन टाकतो, याचा मला खरोखर राग येतो.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. असा कायदा हवाच. पण तो फोनपुरता. डोक्यात वाजत राहिलेलं ऑफिस ऑफिसातच थांबवावं लागतं. मशीनशेजारी सहीचं रजिस्टर ठेवा, पावसाळ्याचे चार महिने तरी. ‘अर्जंट’ काम साडेपाचला देऊ नका, कारण ते सकाळपासून तुमच्याच टेबलावर पडलेलं असतं. मीटिंग कशासाठी आहे हे आधी एका ओळीत कळवा. यातल्या कशालाही फारसा खर्च नाही.

कल्याण सुटलं. शेजारचे गृहस्थ मान टाकून झोपले होते आणि हलक्या आवाजात म्हणत होते, ‘पाठवतो सर, लगेच पाठवतो.’ ते रोजचे, उल्हासनगरला उतरणारे. त्यांना उठवावं असं फार वाटलं, पण त्यांच्या हातात अजून एक स्टेशन होतं. मी बॅग उचलली आणि त्यांच्या पायाला धक्का लागू न देता दाराकडे निघालो.