ब्रदर, सलाईन संपलं!

सोलापुरात अनोळखी माणसालाही 'मालक' म्हणतात. कॅथलिक ब्रदरची पहिली पंचाईत इथेच होते. दारिद्र्याचं व्रत घेतलेला हा गृहस्थ चाटी गल्लीतून चालला, की दुकानदार ओरडतो, "या मालक, चादरी बघा!"

एरवी झगा घातला की तो फादर आणि शर्ट-पँटमध्ये असला की पीटीचे सर. कुणी 'फादर' म्हटलं की "फादर नव्हे, ब्रदर" असं तो इतक्या सवयीनं म्हणतो, की ते त्याचं आडनावच वाटावं. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "फादर कधी होणार?"

हा प्रश्न विचारावा तो निवृत्त हेडक्लार्कनंच. ब्रदर समजावतो : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं घेतली आहेत, पण याजकपदाची दीक्षा नाही. त्यामुळे मिस्सा करता येत नाही, पापनिवेदन ऐकता येत नाही.

"म्हणजे खात्याची परीक्षा राहिली."

"राहिली नाही. द्यायचीच नाही."

हेडक्लार्क आवाज खाली आणतात. "बदली पुण्याला होईल म्हणून?" सोलापूर पुणे धर्मप्रांतातच येतं, हे सांगूनही त्यांचा संशय फिटत नाही.

मग ब्रदर इतिहास काढतो. 1680 साली फ्रान्समध्ये द ला साल यांनी शिक्षक-ब्रदरांचा संघ काढला. ते स्वतः फादर, पण संघात कुणी फादर व्हायचं नाही, असा दंडक. कॅनडातले ब्रदर आंद्रे बेसेत तर कॉलेजच्या दारावर सुमारे 40 वर्षं द्वारपाल होते. 2010 मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं.

"शिपाई आणि थेट संत?" हेडक्लार्क हादरतात. "मधल्या पोस्ट कुठं गेल्या?"

पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या आजीबाईंना यातलं काहीच पडलेलं नाही. त्या त्याला 'अण्णा' म्हणतात. तेलुगूत थोरला भाऊ, कन्नडमध्येही तोच. फादर नाही, मालक नाही, पीटीचे सर तर नाहीच. त्यांना ब्रदरनं आजवर दुरुस्त केलेलं नाही.

खरी परीक्षा दवाखान्यात. वसतिगृहातलं पोर तापानं फणफणलं, की रात्रभर उशाशी हाच. पोरानं "ब्रदर, पाणी" म्हणायचा अवकाश, अख्खा वॉर्ड जागा होतो. कारण दवाखान्यात ब्रदर म्हणजे पुरुष नर्स.

"ब्रदर, सलाईन संपलं!"

"ब्रदर, सुई लई दुखूलाली!"

"मी तो ब्रदर नव्हे," हे वाक्य रात्री दोन वाजता कोण ऐकणार? तो खऱ्या ब्रदरला हुडकून आणतो. तोवर एका म्हाताऱ्याला बसतं करतो, दुसऱ्याला पाणी पाजतो, तिसऱ्याचं भांडं उचलतो. उजाडता उजाडता म्हाताऱ्याचा मुलगा चहाचा कप पुढं करतो.

"काम भारी करता ब्रदर. डॉक्टर का नाही झालाव?"