निकाली कुस्ती

(कोल्हापूर, २८ जुलै २०२५. श्रावणातला पहिला सोमवार. खासबाग मैदानाजवळची चहाची टपरी. साखरेच्या डब्याला टेकवलेला मोबाइल. त्यात जॉर्जियातल्या बटुमीहून महिला विश्वचषकाची फायनल चालू : दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी.)

वस्ताद : मास्तर, ही कुस्ती लागली कधी?

मास्तर : शनिवारी.

वस्ताद : आणि अजून सुटली न्हाई?

मास्तर : शनिवारचा डाव बरोबरीत. रविवारचाही बरोबरीत. म्हणून आज जलद डाव. पंधरा-पंधरा मिनिटं, वर दर चालीला दहा सेकंद. त्यातला पहिलाही बरोबरीत गेला.

वस्ताद : सोडवली कुणी? पंच कोण?

मास्तर : पंच कशाला लागतोय? पटावर तीच ती स्थिती तीनदा आली, नाहीतर दोघींनी हात मिळवला, की झाली बरोबरी.

वस्ताद : (कप खाली ठेवत) दोघींनी ठरवून? ह्याला आमच्यात नुरा कुस्ती म्हणत्यात! १९१२ सालापास्नं हे मैदान हाय. शाहू महाराजांनी हे बघाय बांधलं न्हाई.

मास्तर : नुरा नव्हे हो. शनिवारी दिव्या चांगली वरचढ होती. हंपी अंगाखालनं निसटली.

वस्ताद : मग आसं सांगा की. आपली कोणची?

मास्तर : दोघी भारताच्याच.

वस्ताद : ते झालं. आपली कोणची?

मास्तर : दिव्या. नागपूरची.

वस्ताद : नागपूर? म्हंजे सावजी खाणारी. तांबडा-पांढऱ्याची सर न्हाई त्याला. पण ऱ्हाऊ दे, पोरगी आपली.

टपरीवाला : वस्ताद, आज सोमवार हाय. रश्श्याचं नाव काढू नका. आणि जाग्यावरनं हलू बी नका. मगाशी तुमी पान लावाय गेला आणि डाव बरोबरीत सुटला.

मास्तर : खरं सांगू? बुद्धिबळ बघावं ते सांगलीनं. भाग्यश्री साठे तिथली, स्वाती घाटे तिथली…

वस्ताद : खासबागेत बसून सांगलीचं कौतुक? आपल्यात कोण न्हाई व्हय?

मास्तर : आहे की. ऋचा पुजारी. महिला इंटरनॅशनल मास्टर.

वस्ताद : मग ते आधी सांगायचं.

मास्तर : (मोबाइलवर वाकून) वा! वा, काय चाल केली! याला म्हणतात दूरदृष्टी! (क्षणभर थांबून) चूक. घोडचूक. मी म्हणतच होतो.

वस्ताद : आत्ता तर वा म्हणालासा!

मास्तर : पट्टी खाली आली ना.

वस्ताद : ही कडंची? ही कसली पट्टी?

मास्तर : संगणकाचं मत. पांढरा भाग वाढला की हंपी वर, काळा वाढला की दिव्या वर.

वस्ताद : आणि तुमचं मत?

मास्तर : माझं संगणकाशी जुळतं.

वस्ताद : संगणक बंद केला तर?

मास्तर : तर मी म्हणेन, स्थिती गुंतागुंतीची आहे. आता बघा, हत्ती नेमका कुठं न्यावा…

टपरीवाला : मास्तर, आज हत्तीचा विषय नको. नांदणीच्या मठाची माधुरी हत्तीण निघाली म्हणं गुजरातला, वनताराला. सकाळपास्नं जीव लागंना झालाय.

(तिघेही जरा गप्प.)

वस्ताद : थोरली दमली.

मास्तर : कशावरून? पट्टी तर बरोबर मध्यावर आहे.

वस्ताद : मी पट बघतच न्हाई, तोंडं बघतोय. थोरलीचं ध्यान घड्याळाकडं लागलंय. दमलेला पैलवान असाच वस्तादाकडं बघतोय.

मास्तर : पण पट्टी…

वस्ताद : पट्टीला दम लागत न्हाई, मास्तर.

मास्तर : थांबा, थांबा! हंपी चुकली! काळी झाली पट्टी! अरे, आता दिव्यानं… नाही, तिनं पण सोडलं… परत काळी! वेळच नाही राहिला हो, वेळच नाही…

टपरीवाला : कुणी हलू नका! दूध उतू जातंय, जाऊ दे!

मास्तर : सोडला! हंपीनं डाव सोडला! अडीच-दीड! दिव्या जिंकली!

वस्ताद : निकाली?

मास्तर : निकाली!

वस्ताद : वाजव रं! हलगीवाल्याला फोन लाव. गुलाल हाय का?

टपरीवाला : गल्ल्याखाली पुडी हाय. गणपतीची ठेवलीया.

वस्ताद : फोड. (मोबाइलकडे बघत) पोरगी रडाय का लागली?

मास्तर : आईच्या गळ्यात पडलीय. एकोणीस वर्षांची आहे हो. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म लागतात, अडीच हजार रेटिंग लागतं. हिच्याकडं एकही नॉर्म नव्हता. ही स्पर्धा जिंकली म्हणून थेट ग्रँडमास्टर. भारताची ८८वी.

वस्ताद : म्हंजे तालुका न्हाई, जिल्हा न्हाई, एकदम हिंदकेसरी! नाद खुळा! आणि थोरली?

मास्तर : हंपी २००२ सालीच ग्रँडमास्टर झालेली. दिव्याचा जन्म २००५चा.

वस्ताद : (टोपी काढून) मग तिच्या नावानं बी एक नारळ फोड. पाठ लागली म्हणून पैलवान ल्हान होत न्हाई.

(गुलाल उडतो. मोबाइल लाल, चहा लाल, मास्तरांचा शर्ट लाल.)

वस्ताद : तर आपली पोरगी आता जगज्जेती!

मास्तर : नाही.

वस्ताद : काय न्हाई?

मास्तर : हा विश्वचषक. जगज्जेतेपद निराळं. ते चीनच्या जू वेन्जूनकडं आहे. दिव्या आता कँडिडेट्स खेळणार. ती जिंकली तर मग जूशी लढत.

वस्ताद : मर्दा, मग मगाशी बोलाय काय झालतं? कधी हाय ती कँडिडेट?

मास्तर : पुढच्या वर्षी. हंपीही आहे त्यात.

वस्ताद : (टपरीवाल्याला) आरं, गुलाल किती राह्यला?

टपरीवाला : पुडी झटकली की, वस्ताद.