शेत नसलेल्यांनी येळवस कशी करावी

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, धाराशिव-लातूरकडं गावंच्या गावं शेतात जातात. बाजारपेठेत चहासुद्धा मिळत नाही. ज्यांची सगळी बागायत गॅलरीतल्या तुळशीपुरती आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन.

१. आमंत्रण : जमीनवाले मित्र दिवाळीपासूनच सांभाळावेत. त्यांच्या चहाचे पैसे आपण द्यावेत, त्यांच्या बैलांची चौकशी करावी. बैल विकून ट्रॅक्टर घेतला असल्यास ट्रॅक्टरची करावी. ‘औंदा आमच्याकडंच यायचं बघा’ हे वाक्य कानावर पडताच लगेच ‘हो’ म्हणू नये. खिशातली डायरी उगाच चाळावी. डायरी कोरी आहे हे त्यालाही माहीत असतं.

२. पोशाख : पांढरी पँट नको. काळ्या रानाला पांढऱ्याचा राग आहे.

३. पूजा : कडब्याच्या कोपीत चुना दिलेले पाच दगड असतात. ते पांडव. त्यांच्यापुढं नैवेद्य होईपर्यंत डब्याची झाकणं उघडून वास घेऊ नये. यजमान पिकात आंबील शिंपडत फिरतो, तेव्हा त्याला ‘परत एकदा, फोटो नीट नाही आला’ असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक कंपूत असतो. आमच्या कंपूतला पुण्याहून येतो. बांधावर उभं राहून ‘हे एनए होईल का रे?’ हेही तोच विचारतो. त्याला आंबील आधी द्यावी.

४. भज्जी : नावावरून कढई शोधू नये. ओला वाटाणा, तूर, वालाचे दाणे, हरभरा, पालेभाजी आणि चिंच एकत्र शिजवून बेसन लावलेला हा दाट, आंबटसर प्रकार बाजरीच्या उंड्याबरोबर खातात. उंडा चमच्यानं तोडू नये. त्या शेंगा आदल्या रात्री उशिरापर्यंत कुणीतरी सोलत बसलेलं असतं, आणि ते ‘कुणीतरी’ पंगतीत सगळ्यात शेवटी जेवतं. ‘भज्जी झकास झालीय’ हे यजमानाला नव्हे, वहिनींना सांगावं. नंतर पातेली उचलू लागावं.

५. आंबील : ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, रात्रभर मडक्यात मुरलेली. पहिला पेला तहानेचा, दुसरा आग्रहाचा. तिसऱ्यानंतर बोरीच्या झाडाखाली जागा धरावी, आधी काटे बघून. ‘पुरे’ म्हणत पेल्यावर हात ठेवू नये, हातावर ओततात.

६. पीकपाणी : ‘यंदा कसं?’ हे जेवणाआधी विचारू नये. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्यात पुरानं शेतातली माती खरडून नेली, तेव्हापासून हा नियम कडक पाळावा. सोयाबीनच्या भावाबद्दल तर जेवणानंतरही नाही. त्यानं आपणहून काढलं तर ऐकावं, सल्ला देऊ नये. आपण ज्वारी किलोनं घेतो.

७. परतफेड : कुंथलगिरीचे पेढे न्यावेत. ते देताना हिशेब मिटला असं वाटतं. निघताना गाडीत हरभऱ्याचे डहाळे, ऊस आणि खिरीचा डबा येऊन पडतो. तेव्हा तो नाद सोडावा. वर्षभरात कधीतरी त्याचं तालुक्याला कागदाचं काम अडेल, नाहीतर पोराच्या अ‍ॅडमिशनचं. फोन आला की ‘बघतो’ म्हणू नये. रजा टाकावी आणि बरोबर जावं.